पाउलिनाची साक्ष कोण नोंदवणार?

समुद्रकाठच्या एका एकाकी घरात एक स्त्री रेडिओवरची बातमी ऐकत आहे. बाहेर वादळ आहे, दिवे गेले आहेत. बातमी तिच्या पतीविषयी आहे. गेलेल्या हुकूमशाही राजवटीतील अत्याचारांची चौकशी करण्यासाठी नव्या लोकशाही शासनाने एक आयोग नेमला असून त्याचे अध्यक्षपद या वकिलाला मिळणार आहे. वस्तुतः ही घरात दिवाळी साजरी करण्यासारखी वार्ता. परंतु ती स्त्री जेवणाचे ताट उचलते, कपाटवजा एका कोंदट खोलीत जाते आणि तेथे जमिनीवर बसून एकटीच जेवते. थोड्या वेळाने अनोळखी मोटारीचे दिवे खिडकीवर पडताच तिचा हात पिस्तुलाकडे जातो. तिचे हे वागणे कोड्यात टाकणारे आहे. कोडे सुटते ते आयोगाची कार्यकक्षा कळल्यावर. ज्या प्रकरणांची अखेर मृत्यूत झाली, तेवढ्यांचीच चौकशी हा आयोग करणार आहे. या स्त्रीवर तुरुंगात अनन्वित अत्याचार झाले, डोळ्यांवर पट्टी बांधून तिला विजेचे झटके दिले गेले, तिच्यावर वारंवार बलात्कार झाला. पण ती मेली नाही. तेव्हा आयोगाच्या दृष्टीने तिचे काहीच झालेले नाही.

रोमन पोलान्स्की यांच्या १९९४ सालच्या ‘डेथ अँड द मेडन’ या चित्रपटाची ही सुरुवातीची दृश्ये. या चित्रपटाविषयी लिहिताना बहुतेक समीक्षक एकाच प्रश्नाभोवती घुटमळतात. पाउलिना एस्कोबारने पकडून खुर्चीला बांधलेला डॉक्टर मिरांदा खरोखर तिचा छळ करणारा आहे, की तो बिचारा निरपराध असून ही बाई भ्रमिष्ट आहे? रहस्यपटाच्या दृष्टीने हा प्रश्न योग्यच आहे, आणि पोलान्स्की तो शेवटपर्यंत मोठ्या कौशल्याने ताणून धरतात. परंतु त्या प्रश्नाच्या तळाशी दुसरा एक प्रश्न आहे, आणि तो रहस्याचा नसून राज्यव्यवहाराचा आहे. हुकूमशाहीच्या हिशेबाची वही नव्या राजवटीने उघडली, तर तीत नोंद कोणाची करावयाची? मेलेल्यांचीच, की जे जिवंत राहिले त्यांचीही?

चित्रपटात देशाचे नाव नाही. दक्षिण अमेरिकेतील एक देश, हुकूमशाही कोसळल्यानंतर, एवढाच निर्देश आहे. पण ज्या नाटकावर तो आधारलेला आहे त्याचे लेखक आरिएल दोर्फमन हे चिलीचे. अध्यक्ष साल्वादोर अलेंदे यांच्या कारकीर्दीत ते त्यांच्या कार्यालयाशी सांस्कृतिक सल्लागार म्हणून संबंधित होते. ११ सप्टेंबर १९७३ रोजी जनरल पिनोशे यांच्या सैन्याने ते शासन उलथून टाकले. अध्यक्षीय प्रासादावर विमानांतून बाँब टाकले गेले, अलेंदे यांचा अंत झाला आणि दोर्फमन यांच्या वाट्याला दीर्घ परागंदा जीवन आले. लोकशाही परतल्यावर १९९० साली ते मायदेशी आले आणि तेथे त्यांनी जे पाहिले त्यातून हे नाटक निर्माण झाले.

त्यांनी काय पाहिले असेल, याची कल्पना त्या काळातील घटनाक्रमावरून येते. ५ ऑक्टोबर १९८८ च्या सार्वमतात चिलीच्या जनतेने सुमारे ५६ टक्के मतांनी पिनोशे यांना नकार दिला. ११ मार्च १९९० रोजी पात्रिसिओ आयल्विन अध्यक्ष झाले. पण सत्तांतर झाले म्हणजे सत्ता गेली असे नव्हे. पिनोशे भूदलाचे सरसेनापती म्हणून जागचे हलले नाहीत. ते पद त्यांनी १९९८ पर्यंत भोगले आणि त्यानंतर तहहयात सेनेटर म्हणून विधिमंडळात प्रवेश केला. त्यांच्याच राजवटीने १९८० साली केलेली राज्यघटना चालू राहिली. १९७८ सालच्या एका हुकूमनाम्याने १९७३ ते १९७८ या सर्वांत रक्तरंजित काळातील गुन्ह्यांना सरसकट माफी देऊन ठेवली होती, तीही कायम राहिली. जळात राहून माशाशी वैर कसे धरावयाचे, हा आयल्विन यांच्यापुढील पेच होता. ‘शक्य असेल तेवढा न्याय’ हे त्यांचे सूत्र त्यातूनच आले. मे १९९३ मध्ये राजधानीच्या मध्यभागी सैनिक युद्धाच्या वेषात उभे करून लष्कराने या ‘शक्य’ शब्दाचा अर्थ शासनाला प्रात्यक्षिकासह समजावून दिला.

या चौकटीत एप्रिल १९९० मध्ये राऊल रेट्टिग यांच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि समेट आयोग नेमला गेला. त्याचे काम निःसंशय मोलाचे होते. चर्चच्या आश्रयाने काम करणाऱ्या ‘विकारिया’ या संस्थेने हुकूमशाहीच्या ऐन काळात जीव धोक्यात घालून जपलेली कागदपत्रे त्याला उपयोगी पडली. आयोगाने २,२७९ व्यक्तींचे मृत्यू अथवा बेपत्ता होणे नोंदवले, आणि ४ मार्च १९९१ रोजी दूरचित्रवाणीवरून हा अहवाल देशापुढे ठेवताना आयल्विन यांनी राष्ट्राच्या वतीने मृतांच्या कुटुंबीयांची क्षमा मागितली. त्या वेळी त्यांचा कंठ दाटून आला होता. मात्र आयोगाला अपराध्यांची नावे जाहीर करण्याचा अधिकार नव्हता. आणि जे छळातून जिवंत बाहेर पडले ते त्याच्या कक्षेतच नव्हते.

असे का केले गेले? सांगितले गेले ते कारण व्यवहाराचे होते. मृत्यू सिद्ध करता येतो, छळ सिद्ध करणे कठीण. मृतांची संख्या हजारांत, छळ झालेल्यांची दहा-दहा हजारांत. आयोगाला मुदत अवघी काही महिन्यांची. या कारणांत तथ्य नाही असे कोण म्हणेल? तथापि न सांगितलेले एक कारण अधिक खोल होते. मृत माणूस वाद घालत नाही. त्याच्यासाठी स्मारक बांधता येते, त्याच्या विधवेला निवृत्तिवेतन देता येते, आणि प्रकरण मिटवता येते. जिवंत माणूस मात्र बोलतो. तो दुकानात, बसमध्ये, रुग्णालयात आपल्या छळकर्त्यापुढे येतो आणि त्याला ओळखतो. ज्यांनी पुढे चिलीचे अध्यक्षपद दोनदा भूषविले त्या मिशेल बाशेलेत यांना १९७५ साली त्यांच्या आईसह व्हिया ग्रिमाल्दी या कुप्रसिद्ध छळकेंद्रात डांबले होते. त्यांचे वडील, हवाई दलातील अधिकारी, १९७४ साली कोठडीतील छळानंतर मरण पावले होते. पुढे ज्या इमारतीत त्या राहत, तेथेच त्या छळकेंद्राशी संबंधित एक अधिकारीही राहत असे आणि लिफ्टमध्ये त्याची गाठ पडे, हे त्यांनीच सांगितले आहे. दोर्फमन यांच्या नाटकाचे कथानक ज्यांना ओढूनताणून आणलेले वाटते, त्यांनी ही लिफ्ट डोळ्यांपुढे आणावी.

नाटकाचा प्रयोग सांतियागोत झाला तो आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला त्याच महिन्यात, मार्च १९९१ मध्ये. प्रेक्षकांनी त्याला थंडा प्रतिसाद दिला. त्याच वर्षी लंडनमध्ये तेच नाटक गाजले, पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये नामवंत नटांनी ते केले, आणि मग चित्रपट आला. जखम ज्यांची होती त्यांना ती पाहवेना. ज्यांची नव्हती त्यांनी टाळ्या वाजवल्या. यात सांतियागोच्या प्रेक्षकाला दोष देण्याचे कारण नाही.

चित्रपटातील घटना एका रात्रीत घडतात. पाउलिनाच्या पतीची, हेरार्दोची, मोटार वाटेत बंद पडते आणि एक सज्जन डॉक्टर त्याला घरी पोहोचवतो. रात्री उशिरा तो डॉक्टर पुन्हा येतो. आतल्या खोलीतून पाउलिना त्याचा आवाज ऐकते. तिने आपल्या छळकर्त्याचा चेहरा कधी पाहिलेला नाही. तिच्याजवळ आहे ती आवाजाची, हसण्याची, काही ठराविक बोलण्याची आणि अंगाच्या वासाची आठवण. ती त्याची मोटार पळवते, तीत तिला शूबर्टच्या एका चतुष्कवादनाची ध्वनिफीत सापडते. १८२४ सालच्या याच रचनेचे नाव चित्रपटाला मिळाले आहे, आणि छळाच्या वेळी तो डॉक्टर हेच संगीत लावीत असे. पाउलिना मोटार कड्यावरून समुद्रात लोटून देते, घरी येऊन डॉक्टरला खुर्चीला बांधते आणि पतीला सांगते की आता येथे खटला चालेल. तू त्याचा वकील हो.

सिगूर्नी वीव्हर, बेन किंग्जली आणि स्टुअर्ट विल्सन या तिघांतच हा खटला चालतो. हेरार्दोची भूमिका सर्वांत कमी प्रशंसिली गेली, पण विचार करण्याजोगी तीच अधिक आहे. हा माणूस दुष्ट नाही. हुकूमशाहीच्या काळात तो भूमिगत वृत्तपत्र चालवीत होता आणि पाउलिनाने छळ सोसला तो त्याचे नाव न सांगण्यासाठी. तिने ते सांगितले असते तर आज आयोगाचा अध्यक्ष व्हावयास तो उरलाच नसता. ती सुटून आली तेव्हा त्याच्या घरी दुसरी स्त्री होती, हेही चित्रपट आपल्याला सांगतो. हेरार्दो कायदा जाणतो. आवाजाच्या आठवणीवर कोणाला दोषी ठरवता येत नाही, चोर सोडून संन्याशाला सुळी देणारा न्याय हा हुकूमशाहीचाच न्याय असतो, आणि आपण त्यांच्यासारखे वागलो तर आपल्यात व त्यांच्यात फरक काय, हे त्याचे म्हणणे खोडून काढता येत नाही. ज्यांनी लोकशाहीसाठी आयुष्य वेचले त्यांना तर ते खोडावेसेही वाटणार नाही. मात्र हाच युक्तिवाद त्याच्या नेमणुकीच्या सोयीचाही आहे. घरात बांधून ठेवलेला डॉक्टर सापडला तर अध्यक्षपद जाईल, ही भीती त्याच्या प्रत्येक तत्त्वनिष्ठ वाक्यामागे उभी आहे. ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणताना धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला, असे महाभारत सांगते. हेरार्दोचा रथ पहिल्यापासून जमिनीवरच आहे आणि त्याला त्याची जाणीवही आहे. म्हणून तो अधिक खरा वाटतो.

आता पाउलिनाला काय हवे आहे ते पाहावे. चित्रपटाची गणना सूडकथांत केली जाते, ती घाईने केलेली आहे. आरंभी तिच्या मनात सूडच येतो; आपल्यावर जे जे केले गेले ते ते त्याच्यावर करावे असे तिला वाटते, आणि ती ते बोलूनही दाखवते. पण विचारांती ती मागते ती एकच गोष्ट: कबुली. आपण काय केले ते त्याने स्वतःच्या तोंडाने सांगावे आणि ते नोंदले जावे. शासनाच्या आयोगाकडे तिने मागितले असते तर याहून निराळे काय मागितले असते? आयोगाने जो कक्ष उघडला नाही तो ती आपल्या दिवाणखान्यात उघडते, एवढेच. तिच्या हातातील पिस्तुलाबद्दल ज्यांना खेद वाटतो, त्यांनी तो कक्ष बंद कोणी ठेवला हेही विचारावे.

परंतु पिस्तुलापुढे दिलेली कबुली ही कबुली असते काय? लेखकाने येथे स्वतःच्या नायिकेलाही सोडलेले नाही. छळ करून जबाब वदवून घेणे ही तर तिच्या छळकर्त्यांचीच रीत. शिवाय हेरार्दो पाउलिनाकडून तपशील काढून घेतो आणि अशिलाचा जीव वाचवण्यासाठी ते त्याला पढवतो. नाटकात पाउलिना यावर मोठी चतुर तोड काढते. पतीला सांगताना ती बारीकसारीक चुका मुद्दाम पेरते, आणि डॉक्टर आपल्या जबाबात त्या दुरुस्त करतो. कोणत्याही न्यायाधीशाने दखल घ्यावी असा हा पुरावा आहे. तरीही नाटक निकाल देत नाही. डॉक्टर दोषी होता की नव्हता, ती त्याला मारते की सोडते, हे ते अधांतरी ठेवते.

पोलान्स्की यांनी ते अधांतरी ठेवले नाही. चित्रपटात डॉक्टरने चित्रफितीवर दिलेला जबाब खोटा, पढवलेला वाटतो. त्या वेळी आपण परदेशात होतो, या त्याच्या दाव्याला दूरध्वनीवरून पुष्टीही मिळते. आणि मग पहाटे, कड्याच्या टोकाशी, तो खरे बोलतो. आरंभी आपण वैद्य म्हणून कैद्यांचा जीव राखण्यासाठी गेलो, पण पूर्णपणे आपल्या हाती पडलेल्या देहावर कोणताही निर्बंध नाही हे कळल्यावर आपल्याला त्याची गोडी लागली, असे तो सांगतो. पाउलिना त्याला कड्यावरून ढकलीत नाही. पाठ फिरवून निघून जाते. हे दृश्य अंगावर येते, यात शंका नाही. पण ज्या प्रेक्षकाने रात्रभर संशय वाहिला त्याला सकाळी निश्चितीचे बक्षीस देऊन घरी पाठवणे, ही रहस्यपटाची गरज झाली. चिलीतील छळपीडितांपैकी फारच थोड्यांना असे खरे शब्द ऐकावयास मिळाले. शिवाय जी कबुली चित्रफितीवर आहे ती खोटी, आणि जी खरी आहे ती कोठेही नोंदली जात नाही. ऐकली ती तिघांनी आणि समुद्राने. दिग्दर्शकाला हा उपरोध अभिप्रेत होता की नाही, कोण जाणे. चित्रपटातील सर्वांत खरी गोष्ट मात्र हीच आहे.

डॉक्टरच का, असेही विचारले जाते. त्याचे उत्तर कल्पनेत नाही, इतिहासात आहे. चिलीच्या छळकेंद्रांत वैद्य हजर असत. कैदी आणखी किती सोसू शकेल हे सांगणे त्यांचे काम. चिलीतील डॉक्टरांच्या संघटनेने पिनोशे सत्तेवर असतानाच अशा सभासदांची चौकशी सुरू केली, ही त्या व्यवसायाची अब्रू राखणारी गोष्ट. १९८३ पासून धर्मगुरू, जोगिणी आणि सामान्य नागरिक यांचे छोटे छोटे गट सांतियागोच्या छळकेंद्रापुढे अचानक जमत, ‘येथे माणसांचा छळ होतो’ असा फलक धरत आणि पोलीस येईपर्यंत रस्त्यावर बसून राहत. त्यांच्या चळवळीला एका बापाचे नाव मिळाले. सेबास्तियान आसेवेदो या कामगाराने गुप्त पोलिसांनी पकडलेल्या आपल्या मुलांसाठी त्याच वर्षी नोव्हेंबरात स्वतःला जाळून घेतले होते. म्हणजे ज्यांना पाहावयाचे होते त्यांना त्या घराच्या भिंतींआड काय चालते ते दिसत होते.

येथे चित्रपटाची एक मोठी उणीव सांगितली पाहिजे. देश निनावी ठेवल्याने छळाचे कारणही निनावी झाले. मिरांदाची क्रूरता ही शेवटी त्याच्या मनाची विकृती ठरते. माणसाला निर्बंध नसले की तो पशू होतो, असे एक तत्त्व हाती लागते आणि प्रेक्षक सुस्कारा सोडतो. पण चिलीतील छळकेंद्रे विकृत माणसांच्या हौसेसाठी उघडलेली नव्हती. तांब्याच्या खाणी १९७१ साली राष्ट्राच्या मालकीच्या करणारे, जमिनीचे फेरवाटप करणारे, कामगार संघटनांना बळ देणारे एक निवडून आलेले शासन पाडले गेले होते, आणि त्याच्या जागी शिकागो विद्यापीठात शिकून आलेल्या अर्थशास्त्रज्ञांचा कार्यक्रम राबवावयाचा होता. मार्च १९७५ मध्ये मिल्टन फ्रीडमन सांतियागोत येऊन पिनोशे यांना भेटले आणि त्यांनी ‘धक्का उपचारा’ची शिफारस केली. त्या वर्षी, आणि पुन्हा १९८२ साली, राष्ट्रीय उत्पन्न दहा टक्क्यांहून अधिक घसरले. सरकारी खर्च छाटला गेला, बेकारी भडकली. मोकळ्या संघटना, मोकळी वृत्तपत्रे आणि मोकळ्या निवडणुका असलेल्या देशात हे कोणी सोसले असते काय? अलेंदे मंत्रिमंडळातील एक मंत्री, स्वतः अर्थशास्त्राचे अभ्यासक असलेले ओर्लान्दो लेतेलिएर यांनी ऑगस्ट १९७६ मध्ये ‘द नेशन’ या अमेरिकन साप्ताहिकात नेमका हाच मुद्दा मांडला: आर्थिक धोरण एकीकडे आणि दडपशाही दुसरीकडे, असे दोन वेगळे हिशेब मांडता येत नाहीत. महिना होण्याच्या आत, २१ सप्टेंबर रोजी, वॉशिंग्टनमध्ये त्यांच्या मोटारीत बाँबचा स्फोट घडवून त्यांना ठार मारण्यात आले.

हुकूमशाही गेल्यावर ते धोरण मुख्यतः राहिले, हेही त्या सौद्याचेच कलम होते. १९८१ साली कामगारांची निवृत्तिवेतने खाजगी कंपन्यांच्या स्वाधीन झाली. सैन्यदलांनी मात्र स्वतःला त्यातून वगळून घेतले होते. ज्यांनी बाजारावरील श्रद्धा बंदुकीने शिकवली, त्यांनी आपले म्हातारपण बाजारावर सोपवले नाही. चित्रपटातले समुद्रकाठचे घर या सर्वांपासून फार दूर बांधलेले आहे.

आणखी एक गोष्ट टाळता येत नाही. बलात्कारितेला कबुली मिळालीच पाहिजे असे सांगणारा हा चित्रपट ज्यांनी केला, त्या पोलान्स्की यांनी १९७७ साली अमेरिकेतील न्यायालयात एका अल्पवयीन मुलीशी केलेल्या बेकायदा शरीरसंबंधाचा गुन्हा मान्य केला होता आणि शिक्षा सुनावली जाण्यापूर्वी १९७८ च्या आरंभी ते तो देश सोडून गेले. बालपणी नाझींच्या तावडीतून निसटलेला, जिची आई ऑशविट्झमध्ये गेली असा हा माणूस छळाविषयी अधिकाराने बोलतो, हे खरे. न्यायापासून पळ काढलेला माणूस न्यायाविषयी बोलतो, हेही तितकेच खरे. कलाकृती कलावंतापासून वेगळी काढून पाहावी असे म्हणणाऱ्यांनी या चित्रपटापुरते तरी ते कसे करावयाचे हे सांगावे.

चित्रपटानंतरच्या काळात चिलीत बरेच घडले. गुप्त पोलिसांचे प्रमुख मानुएल कोन्त्रेरास १९९५ साली लेतेलिएर प्रकरणात तुरुंगात गेले आणि २०१५ साली मरण पावले तेव्हा त्यांच्या शिक्षांची बेरीज पाचशे वर्षांहून अधिक होती. ऑक्टोबर १९९८ मध्ये स्पेनमधील एका न्यायाधीशाच्या आदेशावरून पिनोशे यांना लंडनमध्ये अटक झाली. १९७८ च्या माफीवरही न्यायालयांनी एक तोड काढली. बेपत्ता माणसाचा देह सापडत नाही तोवर त्याचे अपहरण चालूच आहे, म्हणजे गुन्हा अजून संपलेला नाही, आणि जो संपला नाही त्याला माफी कशी लागू व्हावी? २००६ साली पिनोशे मरण पावले ते मात्र एकाही गुन्ह्यात दोषी ठरल्यावाचून.

आणि अखेर जिवंतांची पाळी आली. पूर्वीच्या आयोगानंतर तेरा वर्षांनी, नोव्हेंबर २००४ मध्ये, बिशप सेर्खिओ वालेच यांच्या आयोगाने राजकीय कैद आणि छळ यांवरचा अहवाल प्रसिद्ध केला. पहिल्या यादीत २७ हजारांहून अधिक नावे होती. पुन्हा नोंदणी उघडल्यावर २०११ साली ती संख्या ३८ हजारांपलीकडे गेली. तीन हजारांहून अधिक स्त्रियांनी साक्ष दिली आणि लैंगिक अत्याचारातून त्यांतील जवळजवळ कोणीच सुटलेली नव्हती. बलात्कार झाल्याचे स्पष्ट शब्दांत ३१६ जणींनी सांगितले. पाउलिनासाठी शासनाच्या वहीत आता एक ओळ होती.

तिच्यापुढचा रकाना, म्हणजे छळ करणाऱ्याचा, कोरा राहिला. ज्या कायद्याने या पीडितांना बेताचे निवृत्तिवेतन दिले, त्याच कायद्याने त्यांनी दिलेल्या सर्व साक्षी पन्नास वर्षे गुप्त ठेवण्याची तरतूद केली. आपण काय सांगितले ते साक्षीदार स्वतः बोलू शकतो; कागद मात्र कुलपात. चित्रपटाच्या शेवटी तिघेही एका संगीतसभेत आहेत. पाउलिना आणि हेरार्दो खाली, डॉक्टर आपल्या कुटुंबासह वरच्या सज्जात. शूबर्ट वाजत आहे. डॉक्टर खाली पाहतो, मुलाच्या केसांवरून हात फिरवतो, आणि पुन्हा ऐकू लागतो. कायद्याप्रमाणे ते कुलूप उघडावयाचे आहे २०५४ साली.